तुम्ही विचारलंत म्हणून : 'इन्फ्लिक्ट' वापरायचं कसं?

कायद्याच्या मुलांना इंग्रजी शिकवतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला : 'सर, हर्ट आहे, इंज्युअर आहे, मग इन्फ्लिक्ट कशाला?'

अर्थ कुणाला अडत नाही. इजा करणे, बस्स. अडतं ते वाक्यात. 'ही इन्फ्लिक्टेड हिम' हे उत्तरपत्रिकांमध्ये सर्रास दिसतं आणि ते साफ चूक आहे. हर्टचं कर्म माणूस. इन्फ्लिक्टचं कर्म जखम, वेदना, शिक्षा, नुकसान. माणूस मागाहून येतो, तोही 'ऑन' लावून : 'ही इन्फ्लिक्टेड अ डीप वुंड ऑन हिज ब्रदर.' त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या अफ्लिक्टचं (पीडणे, ग्रासणे) नेमकं उलट. तिथे माणूस कर्म आणि दुखणं मागे, 'विथ' लावून. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या 'आपटणे, तडाखा देणे' अशा अर्थाच्या एकाच धातूवरून आलेत, म्हणून घोळ होतो.

'पण इन्फ्लिक्ट म्हणजे मुद्दामच ना?' हा पुढचा प्रश्न. इथे मी 1984 चा संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार उघडतो. पहिल्याच कलमात छळाची व्याख्या आहे आणि तीत शब्द आहेत 'इन्टेन्शनली इन्फ्लिक्टेड ऑन अ पर्सन'. क्रियापदातच हेतू पक्का असता, तर मसुदा करणाऱ्यांनी 'इन्टेन्शनली' वेगळं कशाला घातलं असतं? वादळसुद्धा किनाऱ्यावर नुकसान 'इन्फ्लिक्ट' करतं. त्याला कसला आलाय हेतू! कर्ता माणूस असला की मुद्दामपणाचा वास येतो खरा, पण वकिलाने वासावर विसंबू नये.

अमेरिकेच्या राज्यघटनेतली 1791 ची आठवी दुरुस्ती क्रूर शिक्षा 'इन्फ्लिक्ट' करायला मनाई करते. तिथे 'ऑन' नाहीच, कोणावर ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. ती सूट परीक्षेत घेऊ नका.

आपल्याकडे मात्र जपून. भारतीय न्याय संहितेचं कलम 114 दुखापतीची व्याख्या 'कॉज' या साध्या क्रियापदाने करते. जुन्या दंड संहितेच्या 319 मध्येही तेच होतं. त्यामुळे फिर्यादीतल्या 'दुखापत केली'चं इंग्रजी करताना 'कॉज्ड हर्ट' लिहा. भारदस्त वाटतं म्हणून इन्फ्लिक्ट घुसडू नका.

गंमतीतही हा शब्द छान चालतो. 'आय वोन्ट इन्फ्लिक्ट माय पोएम्स ऑन यू' म्हणजे माझ्या कविता तुमच्या माथी मारत नाही. हा वापर मुलांना लगेच कळतो, 'ऑन'सकट.