आमची बिअरची वही

दर महिन्याचा दुसरा शनिवार आमचा ठरलेला असतो. सात जण, कोथरूडला एका मित्राची गच्ची, प्रत्येकाने एक बिअर आणायची जी बाकीच्यांनी कधी प्यायली नसेल, आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची म्हणजे लेबल दिसायला नको. चार वर्षं झाली आता. सुरुवातीला डोक्यात एवढंच होतं की एकट्याने सात नवीन बिअर आणून प्यायच्या तर पैसेही जातात आणि तिसरीनंतर चवबिव काही कळत नाही, त्यापेक्षा वाटून घेऊ. ३३० मिलीच्या बाटलीचे सात वाटे केले की प्रत्येकाला ४७ मिलीच्या आसपास येते, म्हणजे दोन-तीन घोट, आणि सातही चाखून झाल्या तरी एकाच्या पोटात मिळून एक बाटलीच गेलेली असते. तरीही गाडी कोणी आणत नाही, सगळे रिक्षाने येतात-जातात, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे.

पुण्यात हे जमतं याचं कारण पुणंच आहे. २००९ मध्ये इथे डूलाली सुरू झालं, देशातल्या अगदी पहिल्यावहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी (बिअर तिथेच बनवून विकणाऱ्या छोट्या जागा) एक, मग मुंढव्यात इंडिपेंडन्स आली, नंतर ग्रेट स्टेट या इथल्याच कंपनीच्या बिअरचे कॅन दुकानात दिसायला लागले. आम्ही कॉलेजात असताना बिअर म्हणजे एकच प्रकार, आणि तिच्याबद्दल विचारायचा प्रश्नही एकच, "चिल्ड आहे ना?"

वही पहिल्याच महिन्यात घातली. दोनशे पानी, रेघांची. पण पहिल्या वर्षाची पानं आता वाचली की वाईट वाटतं, कारण सगळीकडे "छान", "जरा कडू", "मस्त, परत घेऊ" एवढंच आहे आणि त्यावरून कुठलीच बिअर आठवत नाही. मग एकाने इंटरनेटवरून चवीच्या शब्दांचा तक्ता छापून आणला. ग्रेपफ्रूट, पाइन, टॉफी, बिस्किट वगैरे. आम्ही दोन महिने प्रामाणिकपणे ते शब्द लिहिले, आणि मग एक मैत्रीण म्हणाली, अरे आपल्यापैकी पाइनच्या जंगलात गेलंय कोण? तेव्हापासून ठरलं की ज्याचा वास आपण स्वतः घेतलाय तोच शब्द वहीत जाईल.

तिनेच पहिला शब्द दिला. जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर होती, हेफेवाइझन, तिने ग्लास नाकाशी नेला आणि लगेच म्हणाली, "शिकरण." सगळ्यांनी परत वास घेतला आणि खरंच की, पिकलेलं केळं, त्यामागे अगदी बारीक लवंग. बिअरमध्ये केळंही नसतं आणि लवंगही नसते, हे दोन्ही वास त्या जातीचं यीस्ट तयार करतं, आणि त्यातला केळ्याच्या वासाचा घटक आयसोअमाइल अॅसिटेट तर पिकलेल्या केळ्यातही असतो. म्हणजे तिचं नाक अगदी बरोबर होतं. बेल्जियन विटबिअरला, म्हणजे तिकडच्या गव्हाच्या बिअरला, एकाने "धणे" लिहिलं, तर त्यात धणे खरेच घालतात, सोबत संत्र्याची साल. हा प्रकार १९५०च्या दशकात बंद पडला होता, होगार्डन गावातल्या पिएर सेलिस नावाच्या माणसाने १९६६ मध्ये तो परत सुरू केला, आणि तो आधी घरोघरी दूध घालायचा! हे वाचल्यापासून मला ती बिअर जास्तच आवडते.

आयपीएवर, म्हणजे इंडिया पेल एल या कडू, सुगंधी बिअरवर, मात्र वाद झाला. तक्त्यात पाइन आणि रेझिन, म्हणजे झाडाची राळ, लिहिलेलं, आम्हाला काही केल्या ते बसेना, शेवटी रत्नागिरीकडचा मित्र म्हणाला, "आंब्याचा देठ मोडल्यावर चीक येतो ना, तो." मी नंतर शोधलं तर हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, त्यातला एक मोठा सुगंधी घटक मिरसीन, आणि तोच आंब्यातही असतो. अमेरिकेतला माणूस पाइनच्या झाडाशी जातो, आमचा मित्र घरामागच्या हापूसच्या कलमाशी गेला, दोघं एकाच वासाबद्दल बोलतायत. मला हे फार मोठं वाटतं. आपल्या घरांमध्ये बिअर आणि वास हे दोन शब्द एकत्र आले की वाक्य एकच, तोंडाला वास येतोय. त्यापलीकडे बोलायला आपल्याकडे शब्द नाहीत असं वाटायचं, पण शब्द होते, ते स्वयंपाकघरात आणि परसात होते. स्टाउट या काळ्या बिअरला आमच्या वहीत "कोरी कॉफी, तव्यावर जरा जास्त राहिलेली बाजरीची भाकरी" आहे, अंबर एलला "काकवी", आणि कोकम घातलेल्या आंबट-खारट गोजेला सातही जणांनी एकमेकांना न विचारता "आमसुलाचं सार" लिहिलंय.

खराब बिअरसाठीही शब्द लागतात. ऊन लागलेल्या बिअरला परदेशात स्कंकी म्हणतात, पण स्कंक हा घाण वास सोडणारा प्राणी आपल्याकडे नाहीच, मग तो वास ओळखायचा कसा? आम्ही एकाच बॅचच्या दोन हिरव्या बाटल्या घेतल्या, एक कपाटात ठेवली आणि दुसरी एप्रिलच्या उन्हात गच्चीच्या कठड्यावर तासभर, मग दोन्ही फ्रीजमध्ये सारख्या गार केल्या. कोणती कुठली हे फक्त ओतणाऱ्याला माहीत होतं. कोणालाच दुसरा वास घ्यावा लागला नाही. हॉप्समधल्या कडू घटकांवर उजेड पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं, तपकिरी काच तो उजेड बराच अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. वहीत शब्द गेला "हिंगाची डबी", आणि हिंगाच्या वासातही गंधकाचीच संयुगं असतात.

आणि जुनी बिअर. एकदा सगळ्यात महाग बाटली, बाहेरून आलेली, दुकानदाराने खूप कौतुक करून दिलेली, कागदाआडून सातांत सातवी आली. "माळ्यावरची रद्दी, पावसाळ्यातली" असं तिच्यापुढे लिहिलंय. तारीख बघितली तर दीड वर्ष झालेलं. त्या दिवसापासून आम्ही किंमत नंतर बघतो, तारीख आधी, आणि आयपीए असेल तर तीन महिन्यांपुढची घेतच नाही कारण हॉप्सचा वास सगळ्यात आधी जातो.

चाखताना चिवडा, खारे शेंगदाणे बंद, ते नंतर. मध्ये फक्त बिनमिठाचे कुरमुरे आणि पाणी. ग्लास आदल्या दिवशी धुवून उपडे ठेवलेले, कारण तेलकटपणा राहिला की फेस बसतो आणि काचेला आतून बुडबुडे चिकटतात.

गेल्या शनिवारी एकाच्या भावाने बेल्जियमहून आणलेली ऑर्व्हाल होती. मठातली बिअर, बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटानोमायसिस नावाचं जंगली यीस्ट घालतात, ते महिनोन्‌महिने आत काम करत राहतं. वास आला आणि सगळे गप्प. कोणी चामडं म्हणालं, कोणी ओलं गोणपाट, पण कोणाचंच समाधान होईना. आमच्यातला एक जण साताऱ्याकडच्या खेड्यात वाढलेला, एरवी सगळ्यात कमी बोलणारा, त्याने ग्लास हातात धरून गरम केला, परत हुंगला, आणि म्हणाला, "बैलाची झूल. बेंदराला बैलांवर घालतो ती, आणि मिरवणुकीत पाऊस आला की तिला असा वास येतो."

कागद काढल्यावर मी फोनवर त्या यीस्टबद्दल वाचून दाखवलं. इंग्रजीत त्या वासाला म्हणतात घोड्याचं पांघरूण. तो काहीच बोलला नाही, नुसता हसला, वही स्वतःकडे ओढून घेतली आणि त्याच्या अक्षरात लिहिलं, "झूल, भिजलेली." मग उरलेला घोट तो जवळजवळ वीस मिनिटं पीत बसला होता.