पाशेन वक्र: डावी बाजू एकदाची उठली

सापडलं! पाशेन वक्र म्हणजे दाब आणि फट यांच्या गुणाकाराप्रमाणे वायूत ठिणगी पडायला किती व्होल्ट लागतात, त्याचा आलेख. किमान बिंदूच्या डावीकडे तो पुन्हा वर चढायला हवा; माझा चढतच नव्हता. मागच्या नोंदीत त्या डाव्या बाजूचं जे रडगाणं गायलो होतो, त्याचं उत्तर इलेक्ट्रोडांच्या फटीत नव्हतंच, त्यांच्या पाठीमागे होतं.

जुळणी तीच: हवा, पितळी चकत्या, एसी दुरुस्तीवाले वापरतात तो दोन टप्प्यांचा पंप, पिरानी गेज (वायू किती उष्णता वाहून नेतो त्यावरून दाब सांगणारा). उजवी बाजू पहिल्यापासून शहाण्यासारखी वागतेय. किमान बिंदू ३४० व्होल्टच्या आसपास मिळाला; पुस्तकी आकडा ३२७, साधारण ०.५७ टॉर-सेंमीला (टॉर हे दाबाचं एकक, सेंमी फटीचं). यावर मी पेढे वाटायला तयार आहे. पितळ किती घासलंय यावरसुद्धा गॅमा (आयन आदळल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन सुटण्याचं प्रमाण) बदलतो, तेव्हा दहा-पंधरा व्होल्टांसाठी भांडण नको.

दुखणं होतं त्याच्या अलीकडे. १ टॉरवर फट ४ मिमी केली की पाशेनच्या सूत्राप्रमाणे (हवेचे स्थिरांक ए १५ आणि बी ३६५, गॅमा ०.०१) साडेपाचशेच्या घरात जायला हवं. माझं ३४५ वर ठाण मांडून. ३ मिमी केली, तरी तेवढंच. गेज तपासला, सील बदलले, व्होल्टेज वाढवणाऱ्या मल्टिप्लायरची गळती मोजली. शेवटी खोलीत काळोख करून पाहिलं तर फट काळीकुट्ट, आणि गुलाबी-जांभळी चमक चकतीच्या कडेवरून वळून मागच्या दांड्यावर! किमान बिंदूच्या डावीकडे आखूड फटीत इलेक्ट्रॉनला पुरेशा टकराच मिळत नाहीत, म्हणून टोल चुकवणाऱ्या ट्रकसारखा तो लांबून जातो. फट कितीही कमी करा, त्याला सोयीची वाट मिळते आणि व्होल्टेज किमानालाच चिकटून राहतं.

उपाय: दोन्ही चकत्या काचेच्या नळीत जेमतेम सरकतील अशा बसवल्या, पाठी आणि दांडे इपॉक्सीने बंद केले. पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी घेऊ नका, निर्वातात त्याचा वायू सुटायचं थांबतच नाही. संथ घ्या आणि ऊब द्या. नळी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली, ती लंबगोल निघाली. प्रयोगशाळेच्या काचसामानाच्या दुकानात स्वतः व्हर्नियर घेऊन जाणं बरं.

आता ४ मिमीला पाचशेच्या किंचित अलीकडे, ३ मिमीला सहाशेच्या आसपास. सूत्र ३ मिमीला अनंत म्हणतं, पण गॅमा तिथे स्थिर राहत नाही, हे डोळ्यांनी पाहायला मजा आली.

मात्र वाचनं पुन्हा उड्या मारू लागलीत. कारण लिहिता लिहिता लक्षात आलं: ठिणगीची सुरुवात करणारा पहिला इलेक्ट्रॉन धातूतून सोडवायला जो २५४ नॅनोमीटरचा अतिनील दिवा मी क्वार्ट्झच्या खिडकीतून पाडत होतो, त्याला आता ही नळी अडवतेय. काच त्या तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ गिळूनच टाकते. म्हणजे नळीही क्वार्ट्झची हवी. तोवर व्होल्टेज अगदी सावकाश चढवून प्रत्येक पायरीवर थांबणार.

त्यामुळे हवेऐवजी आर्गॉन वापरून पाहायचं पुढे ढकललं. त्याचा किमान बिंदू १३७ व्होल्ट म्हणजे अर्ध्याहून कमी, पण पिरानी आर्गॉनमध्ये खरा दाब कमी दाखवतो, त्याचा दुरुस्ती-तक्ता आधी करतो. आणि एसएफ-६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) वापरणार का, असं विचारणाऱ्यांना: नाही. कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारपटींहून जास्त तापवणारा वायू घरच्या पंपातून गॅलरीत सोडणार नाही.