ज्यांना रंग नको, त्यांनी डावीकडून

ॲरिझोनातील टेम्पी गावात तळ्याकाठच्या उद्यानात एका शनिवारी सकाळी आम्ही चौघे, म्हणजे मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा महिन्यांसाठी नाशिकहून आलेली माझी आई, पांढरे टी-शर्ट घालून रंगीत भुकटीच्या धावेत उतरलो. पहिला रंग उधळला जाणार होता त्या जागेच्या वीसेक पावले अलीकडे एक फलक होता, आणि त्यावर लिहिले होते की ज्यांना रंग नको असेल त्यांनी डावीकडच्या कडेने जावे. मी तो वाचला आणि पुढे गेले. आई मात्र तिथेच थांबली आणि तिने मला त्याचा अर्थ पुन्हा एकदा विचारला.

ही धाव तशी आमच्या गावचीच म्हणायला हवी, कारण या प्रकाराचे अमेरिकेत पेव फोडणारी पहिली मोठी धाव जानेवारी २०१२ मध्ये टेम्पीतच झाली होती. अंतर ५ किलोमीटर, वेळेची नोंद नाही, स्पर्धा नाही; ठरावीक अंतरावर एकेका रंगाचा टप्पा आणि शेवटी सगळ्यांनी एकदम उधळायची एकेक पुडी. कल्पना कुठून आली हे तुम्हाला सांगायला नको. मला मात्र ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला सांगावेसे वाटत होते, विशेषतः ‘तुम्ही असे काही पूर्वी केले आहे का?’ असे हसून विचारणाऱ्या त्या क्रमांक वाटणाऱ्या बाईंना.

खरे तर माझा राग नावनोंदणीच्या दिवसापासूनच साठत आला होता. माणशी ३५ डॉलर घेऊन वर काही इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही अशा मजकुराच्या हमीपत्रावर सही, मुलीसाठी पालकाची वेगळी सही, आणि मग दोन पानी सूचना : गॉगल लावावा, तोंडावर रुमाल बांधावा, रंग फक्त स्वयंसेवकच टाकतील, जमिनीवर पडलेला रंग उचलून दुसऱ्यावर टाकू नये, कपडे आधी कोरडे झटकावेत आणि मगच पाण्यात घालावेत. जमिनीवरचा रंग उचलायचा नाही, हे वाचून मी स्वयंपाकघरात मोठ्याने हसले. आमच्याकडे रंगपंचमीला पहिला तास सोडला तर सगळा रंग जमिनीवरचाच असतो. रंग खेळायला सही करावी लागणे, हे मला एखाद्याने पुरणपोळी वाढण्याआधी पावतीवर अंगठा मागावा तसे वाटले.

नवऱ्याने शांतपणे मला तैवानची आठवण करून दिली. २७ जून २०१५ च्या रात्री तिथल्या एका जलक्रीडा उद्यानात हवेत उधळलेल्या अशाच रंगीत मक्याच्या पिठाने पेट घेतला. पंधरा जण गेले आणि पाचशेच्या आसपास होरपळले. भांड्यात निरुपद्रवी असणारे पीठ हवेत दाट पसरले की ठिणगीने भडकते, हे मला ठाऊक नव्हते. मी गप्प बसले, परंतु हमीपत्राविषयीचे माझे मत काही बदलले नाही.

तर, आई त्या फलकापाशी थांबली होती. पलीकडे गुलाबी रंगाचे पंप घेतलेली विशीतली मुले उभी होती आणि त्यांतल्या एकाने हाताने खूण करून तिला विचारले, इकडून की तिकडून? आई डावीकडे सरकली. मुलाने अंगठा वर केला आणि पंप खाली धरला. मी तिला म्हटले, ‘अगं, मक्याचे पीठ आहे, काही होत नाही, ये ना.’ त्यावर ती चालता चालताच म्हणाली, ‘मला रंगपंचमी कधीच आवडली नाही. तुला ठाऊक नव्हते का?’

मला ठाऊक नव्हते. रंगपंचमीच्या दिवशी आई घरात असायची, कारण स्वयंपाक असायचा. निदान मी तसे समजत होते. शनी चौकाजवळच्या मामांच्या वाड्यात आम्ही जमायचो, तेव्हा ती मागच्या खोलीत जे काही निवडत बसायची ते संध्याकाळपर्यंत संपत नसे, आणि शेजारच्या काकू मात्र दार ठोठावून तिला बाहेर ओढून तोंडाला रंग फासल्याशिवाय सोडत नसत. सगळे हसायचे, तीही हसायची. आज सत्तरीच्या उंबरठ्यावर, एका परक्या मुलाने विचारल्यावर, तिने ‘नको’ म्हटले आणि ते नकोच राहिले.

पुढचे चारही टप्पे ती कडेने चालली. मी मध्येच तिच्या बरोबरीने आले, मध्येच मुलीबरोबर पिवळ्या, निळ्या ढगांत शिरले. हे लिहिताना मला कुणी चुकीचे समजू नये : आपल्याकडे रंग लावणारा माणूस ओळखीचा असतो आणि ती जवळीक पंपातून येत नाही. पण कॉलेजला जाताना गच्चीवरून फेकलेला फुगा पाठीवर फुटायचा तेव्हा तो टाकणारा ओळखीचा नव्हता, आणि आम्ही मुली फाल्गुनातला तो आठवडा वेगळ्या रस्त्याने जात होतो, हेही मला त्या डावीकडच्या पट्टीनेच आठवून दिले. (आमच्या महाराष्ट्र मंडळाचीही इथे होळी असते; पार्किंगच्या जागेत, सोयीच्या रविवारी. गर्दी फार होते म्हणून आम्ही जात नाही. मुलीला आपले सण कळावेत यासाठी ही धाव पुरेशी आहे, असे मी ठरवले आहे.)

शेवटी पुड्या उधळल्या गेल्या, आणि मग वाळलेली पाने उडवायच्या यंत्राने स्वयंसेवकांनी आमच्या अंगावरचा रंग उडवून दिला, ज्याला आई पोट धरून हसली. तिच्या शर्टावर एक ठिपका नव्हता. फक्त बुटांच्या टाचा गुलाबी झाल्या होत्या.

गाडीत जुन्या चादरी अंथरून आम्ही निघालो. ऑफिसात आणि घरात मी नाशिकच्या रहाडींविषयी नेहमी सांगते : पेशवेकाळापासूनचे ते दगडी हौद, वर्षभर फळ्या आणि मातीखाली झाकलेले, वरून वाहने जातात, आणि रंगपंचमीला उघडून त्यांत रंगाचे पाणी भरले की लोक धप्पा मारतात. मी ते अशा रीतीने सांगते की ऐकणाऱ्याला मीही मारला असेल असे वाटावे. आमच्या लहानपणी रहाडीत मुलगे आणि बाप्येच उतरत. मी ते सगळे माडीच्या गजांतून पाहिलेले आहे.

‘आई,’ मुलीने मागून विचारले, ‘तू रहाडीत उडी मारलीस तेव्हा पाणी खूप गार होते का?’

शेजारच्या सीटवर आई खिडकीबाहेर बघत होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले, आणि मी आरशात मागच्या गाड्या बघू लागले.