छतावरची वीज, बॅटरी आणि दुपारचे २५३ व्होल्ट

आमच्या अमळनेरच्या घरावर डिसेंबर २०२४ मध्ये ५५० वॅटच्या सहा सोलर प्लेटा, ३ किलोवॅटचा हायब्रिड, म्हणजे प्लेटा, बॅटरी आणि महावितरणची लाइन हे तिन्ही सांभाळणारा इन्व्हर्टर आणि ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर क्षमतेची, म्हणजे साधारण पाच युनिट वीज साठवणारी लिथियम बॅटरी बसली. पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटसाठी ७८,००० रुपयांचे अनुदान मिळाले. बॅटरीसाठी अनुदान नसल्यामुळे तिचा खर्च आम्ही स्वतः केला. उन्हाळ्यातल्या रात्री वीज गेली की वयस्कर आईची होणारी तगमग मी अनेक वर्षे पाहिलेली असल्यामुळे बॅटरी घेण्याविषयी माझ्या मनात कधीच शंका नव्हती. ती कशी चालवायची, हे समजायला मात्र मला पुढचे चार महिने लागले. छतावर तयार होणारी जास्तीत जास्त वीज महावितरणच्या मीटरवर जमा व्हावी, एवढाच हेतू मनात ठेवून मी एकेक सेटिंग कसे बदलत गेलो, ते येथे क्रमाने सांगतो.

आधी हिशोब सांगणे आवश्यक आहे, कारण सर्व सेटिंग त्यावर ठरते. आपल्याकडे घरगुती नेट मीटरमध्ये दिलेले युनिट आणि घेतलेले युनिट यांची एकास एक वजावट होते. दुपारी दिलेले एक युनिट रात्री घेतलेल्या एका युनिटची पूर्ण भरपाई करते आणि महिन्याच्या शेवटी शिल्लक राहिलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात. परदेशातली गोष्ट वेगळी आहे. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२० पासून लागू असलेल्या व्यवस्थेत दिलेल्या विजेचा दर वीजपुरवठा करणारी कंपनी ठरवते, आणि तो बहुधा घेतलेल्या विजेच्या दरापेक्षा कमी असतो. काही योजनांमध्ये तो वेळेप्रमाणे बदलतो. त्यामुळे तिथले लोक दुपारी बॅटरी भरून संध्याकाळी ती ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनमध्ये, रिकामी करतात, किंवा सगळी वीज घरातच जिरवतात. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ याच हिशोबावर बेतलेले आहेत. मीही सुरुवातीला तेच पाहून इन्व्हर्टर ‘सेल्फ यूज’ या पद्धतीवर ठेवला होता. या पद्धतीत सकाळचे ऊन आधी घराला, मग बॅटरीला आणि उरले तर ग्रिडला मिळते, आणि रात्री घर बॅटरीवर चालते. ऐकायला हे फार चांगले वाटते.

परंतु बॅटरीत टाकलेली वीज पूर्ण परत मिळत नाही. दहा युनिट भरले तर हाती नऊच्या आसपास येतात आणि उरलेले उष्णतेत जातात. रोज चार युनिट बॅटरीतून फिरवले, तर दिवसाला ०.४ आणि वर्षाला जवळपास १४५ युनिटची घट होते. एक किलोवॅट प्लेटांपासून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात असे धरले, तर आमच्या ३ किलोवॅटच्या यंत्रणेच्या बारा दिवसांच्या उत्पादनाइतकी ही वीज आहे. ग्रिडला दिलेले युनिट मात्र जसेच्या तसे परत मिळते. म्हणून माझ्या मते नेट मीटर असलेल्या घरात बॅटरीचे काम अगदी नेमके असले पाहिजे: जी वीज ग्रिडमध्ये जाऊ शकते तिला बॅटरीने हात लावू नये, जी जाऊच शकत नाही, तेवढीच तिने झेलावी.

हे लक्षात आल्यावर मी ‘फीड-इन प्रायॉरिटी’, म्हणजे बॅटरीच्या आधी ग्रिडला वीज देणारी, पद्धत निवडली आणि ‘ग्रिड चार्ज’ पूर्णपणे बंद केले, जेणेकरून बॅटरी ग्रिडच्या विजेवर भरली जाऊ नये. तरीही आकडे जुळेनात. जानेवारीतल्या एका स्वच्छ दुपारी बॅटरी २० टक्क्यांवर होती, ती भरत तर नव्हतीच, उलट रिकामी होत होती, आणि मोबाइलवरचे ॲप सांगत होते की घर ग्रिडमधून वीज घेत आहे. मी जिन्याखालच्या नेट मीटरसमोर उभा राहून त्याच्या पडद्यावरचे आकडे पाहिले. एक्स्पोर्टचा आकडा वाढत होता, इम्पोर्टचा जागेवर होता. म्हणजे मीटर खरे सांगत होते आणि इन्व्हर्टरचा समज चुकीचा होता. मीटरजवळच्या फेज वायरभोवती सीटी नावाचा एक लहानसा चिमटा बसवलेला असतो. वीज घरात येते आहे की बाहेर जाते आहे, हे इन्व्हर्टरला त्यावरूनच कळते. त्या चिमट्यावर एक कोरलेला बाण असतो. यंत्रणा बसवणाऱ्यांनी तो उलट्या दिशेने लावला होता. त्यामुळे बाहेर जाणारी वीज इन्व्हर्टरला आत येणारी वाटत होती आणि ती कमी करण्यासाठी तो भर उन्हात बॅटरी रिकामी करत होता. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनने चिमटा उलटवला आणि पाच मिनिटांत सगळे जागेवर आले. ज्यांच्याकडे हायब्रिड इन्व्हर्टर आहे त्यांनी दुपारी एकदा ॲपमधला आकडा आणि मीटरवरचा आकडा शेजारी ठेवून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याच वेळी ‘एक्स्पोर्ट लिमिट’ हे सेटिंगही तपासावे. काही इन्व्हर्टरमध्ये ते मुळातच शून्यावर असते, आणि तसे असेल तर एकही युनिट बाहेर जात नाही.

खरी अडचण फेब्रुवारीच्या शेवटी समोर आली. साडेबारा ते अडीचच्या दरम्यान इन्व्हर्टर वारंवार ग्रिडपासून सुटू लागला. आतल्या रिलेचा टक् असा आवाज, पडद्यावर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ ही सूचना, काही मिनिटांची वाट पाहणे, पुन्हा जोडणी आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच टक् आवाज. खान्देशात सोलरला फेब्रुवारी-मार्च हे महिने उत्तम असतात, कारण ऊन कडक असते पण हवा अजून तापलेली नसते. मे महिन्यात प्लेटांचे तापमान ६५ अंशांपर्यंत गेले, तर २५ अंशांच्या प्रमाण तापमानापेक्षा ते ४० अंश जास्त होते आणि दर अंशाला ०.३५ टक्के या हिशोबाने उत्पादन १४ टक्क्यांनी उतरते. म्हणजे वर्षातल्या सर्वांत चांगल्या दुपारीच माझी वीज वाया जात होती.

कारण साधे होते. नियमानुसार ग्रिडचा व्होल्टेज २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टच्या वर गेला, तर इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत सुटले पाहिजे. आमची गल्ली डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, जवळ असल्यामुळे दुपारी भार कमी असताना खांबावरच २४८ व्होल्ट असत. खांबापासून घरापर्यंत ३५ मीटरची, ४ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची जुनी सर्व्हिस वायर होती. जाण्या-येण्याची लांबी ७० मीटर धरली, तर तिचा रोध जवळपास अर्धा ओहम भरतो. आपण १० अँपिअर बाहेर ढकलले की त्या अर्ध्या ओहमवर ५ व्होल्ट चढतात, आणि २४८ मध्ये ५ मिळवले की बरोबर २५३ होतात! कागदावर हा हिशोब मांडला तेव्हा टक् आवाजाचा सगळा उलगडा झाला.

याला काही जण एक सोपा उपाय सुचवतात, तो म्हणजे इन्व्हर्टरच्या आतल्या मेनूत जाऊन वरची मर्यादा २६५ पर्यंत वाढवणे. तो मी केला नाही आणि कोणीही करू नये. वाढलेला व्होल्टेज शेजाऱ्यांच्या फ्रिजलाही भोगावा लागतो, आणि हे संरक्षण माणसांसाठी आहे. लाइन बंद असताना खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात आपल्या छतावरची वीज जाऊ नये, म्हणूनच ग्रिड गेल्यावर इन्व्हर्टर ताबडतोब सुटतो. त्या साखळीतली कोणतीही कडी सैल करण्याचा अधिकार आपल्याला नाही. मी रीतसर अर्ज देऊन सर्व्हिस वायर १० चौरस मिलिमीटरची करून घेतली. रोध ०.२ ओहमवर आला आणि चढ ५ व्होल्टवरून २ व्होल्टवर. डीपीचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचा जोड, बदलूनही व्होल्टेज उतरवता येतो, पण तो निर्णय महावितरणचा असतो. आपण दुपारच्या व्होल्टेजच्या नोंदी तारीख-वेळेसह अर्जाला जोडाव्यात.

वायर बदलेपर्यंतचे तीन आठवडे बॅटरीने सांभाळले, आणि तेव्हाच मला तिचा खरा उपयोग कळला. मी तिची भरण्याची वेळ सकाळवरून काढून दुपारी १२ ते २.३० अशी केली आणि भरण्याचा प्रवाह २० अँपिअरवर, म्हणजे सुमारे एक किलोवॅटवर मर्यादित केला. त्यामुळे सकाळची सगळी वीज विनाअडथळा ग्रिडला गेली, आणि ज्या दोन-अडीच तासांत व्होल्टेज शिगेला पोहोचत होता, तेव्हा बाहेर जाणारी वीज एक किलोवॅटने कमी झाली. वायरवरचा चढ तीन व्होल्टच्या आत आला आणि इन्व्हर्टर सुटणे जवळपास थांबले. बॅटरी सकाळी दहालाच भरून बसली असती, तर दुपारी तिच्यात या विजेला जागाच नसती.

बॅटरीत रोज किती जागा रिकामी ठेवायची, या प्रश्नावर मी सर्वांत जास्त विचार केला. आमच्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर देखभालीसाठी भर दिवसा वीज बंद ठेवली जाते. अशा वेळी ग्रिडला काहीच देता येत नाही आणि बॅटरी भरलेली असेल तर प्लेटांवरचे ऊन फुकट जाते. दुसरीकडे रात्री वीज गेली तर आईच्या खोलीतला पंखा आणि कूलर चालला पाहिजे. म्हणून मी संध्याकाळी ७ नंतर घर बॅटरीवर चालवून ती ६० टक्क्यांपर्यंत उतरवतो आणि तिथे थांबवतो. तीन युनिट रात्रीसाठी राहतात आणि दोन युनिटांची जागा दुसऱ्या दिवशीच्या दुपारसाठी मोकळी होते. या दोन युनिटांवर होणारी घट मला मान्य आहे. बंदची सूचना आदल्या दिवशी आली, तर रात्री बॅटरी ३० टक्क्यांपर्यंत उतरवून ठेवतो, म्हणजे सकाळपासून ती साडेतीन युनिट झेलू शकते. वायर बदलल्यानंतर दुपारची वेळ ठेवली आहे, पण तिची गरज कमी झाली आहे.

बॅटरी छतावरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त असतो, आणि लिथियम बॅटरी तापली की तिची अंतर्गत यंत्रणा स्वतःच भरण्याचा प्रवाह कमी करते. नेमक्या दुपारी ती वीज घेईनाशी होते. आमची बॅटरी तळमजल्यावर उत्तरेच्या भिंतीला आहे.

छतावर आणखी एक तडजोड करावी लागली. चैत्रात आई आणि शेजारच्या बायका गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालतात आणि त्यांना सकाळचे मोकळे ऊन लागते. म्हणून प्लेटांचा सांगाडा आठ फूट उंच घेतला. उंचीमुळे खालून वारा खेळतो आणि प्लेटा थोड्या थंड राहतात, हा फायदा नंतर समजला. प्लेटा मी उन्हे यायच्या आधी धुतो, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी टाकणे धोक्याचे आहे. बोअरचे जड पाणी वाळले की पांढरा थर बसतो, म्हणून शेवटचा हात नळाच्या पाण्याचा देतो.

किती वीज द्यावी यालाही एक हद्द आहे आणि ती ३१ मार्चला येते. आर्थिक वर्षाच्या शेवटी शिल्लक राहिलेले युनिट महावितरण ठरलेल्या दराने विकत घेते, पण आपण टाळलेल्या युनिटच्या किमतीपेक्षा तो दर बराच कमी असतो, आणि १ एप्रिलला खाते शून्यापासून सुरू होते. खान्देशासाठी ही तारीख गैरसोयीची आहे, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये साठलेले युनिट एप्रिल-मेच्या कूलरच्या तोंडावरच संपतात. म्हणून वर्षभराच्या वापरापेक्षा मोठी यंत्रणा केवळ एक्स्पोर्टच्या आशेने बसवू नये. बिलावरचा स्थिर आकार तर कितीही वीज दिली तरी भरावाच लागतो. या वर्षी १० मार्चला आमच्या बिलावर शिल्लक दिसल्यावर आम्ही उरलेले तीन आठवडे गॅसऐवजी इंडक्शनवर स्वयंपाक केला, आणि बिबड्यांचे पीठही त्यावरच शिजवले. ३१ तारखेच्या वाचनात आमच्या नावावर ११ युनिट शिल्लक होते.