ऑपरेशन झालं ना, मग अजून इको कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हळदीकुंकवाला गेले तरी कुणीतरी विचारतंच, "लेकीचं हृदयाचं ऑपरेशन लहानपणीच झालं ना? मग दरवर्षी इकोसाठी पुण्याला कशाला नेता?" इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

दीड वर्षाची होती तेव्हा अंगणात चार पावलं चालायची आणि मध्येच उकिडवी बसायची. आम्हाला वाटायचं, मातीत खेळतेय. ओठ जांभळे पडलेले असायचे. नंतर कळलं, उकिडवं बसलं की पायांकडे जाणारं रक्त अडतं आणि फुप्फुसाकडे जास्त वळतं. तिला हे कुणीही शिकवलं नव्हतं. तिचा जीव ते आपणहून शोधून बसला होता.

तिच्या हृदयात जन्मापासूनच दोष होता, त्याचं नाव टेट्रालॉजी ऑफ फॅलो. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडची वाट चिंचोळी, अंगभर रक्त नेणारी महाधमनी त्या भोकावर सरकलेली, उजव्या कप्प्याची भिंत जाड. हा दोष हृदयाच्या आत जाऊन पहिल्यांदा दुरुस्त केला तो 1954 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटात, डॉ. लिलहाय यांनी. त्याआधी फुप्फुसाकडे रक्त जायला फक्त तात्पुरता मार्ग काढून देता यायचा.

आमच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं 'टोटल करेक्शन', म्हणजे पूर्ण दुरुस्ती. त्या दोन शब्दांवर आम्ही निर्धास्त झालो.

खरं काय झालं होतं ते ऐका. फुप्फुसाकडची चिंचोळी वाट रुंद करायला तिथल्या झडपेचं कडंच कापावं लागलं आणि त्यावर पट्टी शिवावी लागली. वाट मोकळी झाली, पण झडप नीट मिटेनाशी झाली. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे येतं. यात कुणाची चूक नाही, त्या पट्टीमुळेच माझी मुलगी आज आहे. पण उजवा कप्पा ते जादा रक्त वर्षानुवर्षं निमूट सोसतो आणि सोसता सोसता ताणत जातो. बाहेर काही दिसत नाही. ती खो-खो खेळत होती, आणि नऊ ते तेरा अशी चार वर्षं आम्ही तपासणीला गेलोच नाही. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं, तिथल्या डॉक्टरांनी छातीवरचा व्रण बघून विचारलं, "शेवटचा टूडी इको कधी केला?" ती चार वर्षं मला अजून टोचतात.

आता कप्पा मोठा झालाय, म्हणून एमआरआयवर मोजमाप ठेवतात. नवी झडप कधी बसवायची, हाच सगळा प्रश्न. लवकर बसवली तर ती झिजून पुन्हा बदलायची वेळ लवकर येते, आणि फार उशीर केला तर ताणलेला कप्पा पूर्ववत होत नाही. काहींना ही झडप पायाच्या शिरेतून, छाती न उघडता बसवता येते. 2000 सालापासून ती सोय आहे, पण वाट फार रुंद असली तर जमतंच असं नाही. शिवाय जुन्या टाक्यांच्या वणाभोवती ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून ईसीजीही असतो. झडप बसल्यावर दात काढायचा झाला तरी आधी अँटिबायोटिक लागेल.

ती आता सतरा वर्षांची आहे. लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञांकडून पुढच्या वर्षी मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. याच टप्प्यावर बरीच मुलं तपासणी सोडून देतात, म्हणून फाईल मी तिच्याच ताब्यात दिली आहे.

तुमच्या नात्यात, शेजारी असं ऑपरेशन झालेलं कुणी असेल तर एवढं विचारा, शेवटचा इको कधी झाला?