तुम्ही विचारलेत म्हणून: माझी नोकरी नेमकी कुठे आहे?

मी साताऱ्यात राहून नेदरलँड्समधल्या एका छोट्या कंपनीचे काम करते, हे कळल्यावर समोरचा माणूस थोडा वेळ विचारात पडतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो. बँकेतल्या साहेबांनी तो विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याने तर तीनदा विचारला: "कंपनी तिकडे, तुम्ही इकडे, मग नोकरी नेमकी आहे कुठे?" उभ्या उभ्या मी आजवर "घरूनच असते" एवढेच सांगत आले, पण हा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे आणि त्याचे नीट उत्तर मला पहिल्या दिवशी कोणी दिले असते तर माझे बरेच नुकसान टळले असते, म्हणून ते आज सविस्तर लिहिते आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर माझी नोकरी कुठेच नाही. नेदरलँड्समध्ये मी कोणाची कर्मचारी नाही, कारण मी तिथे राहत नाही आणि तिथे बसून काम करत नाही. भारतातही मी कोणाची कर्मचारी नाही, कारण त्या कंपनीचे भारतात कार्यालय नाही, नोंदणी नाही, भविष्यनिर्वाह निधीचे खाते नाही. आमच्यात आहे तो सेवा पुरवण्याचा करार. मी बिल पाठवते, ते त्याचे पैसे युरोमध्ये पाठवतात, आणि माझी बँक त्यांचे रुपये करून खात्यात जमा करते. हे पैसे कशापोटी आले याचा एक ठरलेला कोड बँकेला कळवावा लागतो. पहिल्या वेळी काउंटरवरच्या बाईंनी मला विचारले होते, "नातेवाइकांनी पाठवलेत का?" तो कोड चुकीचा पडला असता तर माझी कमाई घरखर्चाला आलेली मदत म्हणून नोंदली गेली असती.

मी पुण्यात हिंजवडीला नऊ वर्षे सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम केले. 2018 मध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि मी साताऱ्याला परतले. पुढच्या वर्षी हे काम मिळाले. ही कंपनी काचगृहांतले तापमान, आर्द्रता आणि पाणी सांभाळणारी प्रणाली बनवते, आणि तिची प्रत्येक नवी आवृत्ती शेतकऱ्याच्या हाती जाण्याआधी ती तपासणे हे माझे काम आहे. काम मला मनापासून आवडते, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे सगळे वाचून कोणाला मी तक्रार करते आहे असे वाटू नये.

वेळेचे गणित लोकांना वाटते तितके कठीण नाही, पण ते घरात फार खोलवर शिरते. नेदरलँड्स हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन तास, कारण ते मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्यांची सकाळी नऊची बैठक म्हणजे हिवाळ्यात आपला दुपारचा दीड आणि उन्हाळ्यात साडेबारा. बाबांना एक वाजता जेवण लागते, आणि त्यांचा उजवा हात अजून नीट चालत नसल्यामुळे घास मोडून द्यायला शेजारी कोणीतरी बसावे लागते. हिवाळ्यात हे सहज जमते. मार्च संपताना मात्र त्यांचे ताट बारा वाजता वाढावे लागते, आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत तीच वेळ राहते. पहिले आठ-दहा दिवस ते ताटाकडे पाहून म्हणतात, "अगं, अजून भूक नाही लागली." दरवर्षी असेच होते, आणि दरवर्षी मला तेवढेच वाईट वाटते.

कराच्या बाबतीत लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की पैसे परदेशातून येतात, म्हणजे इथे कर लागत नाही. वर्षात 182 दिवस किंवा त्याहून अधिक काळ जो भारतात राहतो तो करासाठी इथला रहिवासी ठरतो, आणि रहिवाशाच्या जगभरातल्या उत्पन्नावर इथे कर लागतो. माझ्या पैशांतून तिकडे काहीही कापले जात नाही, आणि म्हणूनच सगळा कर मला स्वतः, वेळेवर भरावा लागतो. 1961 च्या आयकर कायद्यात कलम 44एडीए म्हणून जी तरतूद होती, तिच्यामुळे माझ्यासारख्या व्यावसायिकांना एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येऊ लागला. जमा जवळजवळ सगळी बँकेतूनच होत असेल तर वर्षाच्या 75 लाखांपर्यंतच्या जमेला ही सोय मिळते, आणि अग्रिम कर, म्हणजे वर्ष संपण्याआधीच भरायचा कर, 15 मार्चपर्यंत एकदाच भरला तरी चालतो. सेवेची निर्यात शून्य दराची असल्याने जीएसटी द्यावा लागत नाही, पण नोंदणी असेल तर त्यासाठीचे हमीपत्र दरवर्षी नव्याने भरावे लागते. इतके पाठ झाले की उरलेले चांगला सीए सांभाळतो, आणि चांगल्या सीएच्या फीमध्ये काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्याच्याविषयी कोणी विचारत नाही, ती बाब मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आमच्या रोजच्या बैठकीत सहा चेहरे दिसतात, त्यांतला एक माझा. काम सारखे, जबाबदारी सारखी, आणि मला तिथे परके वाटेल असे कोणी कधी वागलेले नाही. परंतु त्या पाच जणांच्या पाठीशी एक कायदा उभा आहे आणि माझ्या पाठीशी तो नाही. नेदरलँड्समध्ये कर्मचाऱ्याला वार्षिक पगाराच्या किमान आठ टक्के सुट्टीभत्ता मिळतो, तो बहुधा मे महिन्यात हाती येतो. पूर्णवेळ कर्मचाऱ्याला वर्षाला किमान वीस दिवसांची भरपगारी रजा असते. कर्मचारी आजारी पडला तर मालकाला दोन वर्षांपर्यंत किमान सत्तर टक्के पगार द्यावाच लागतो. आमच्यातला एक सहकारी कामाच्या ताणाने सात महिने घरी होता आणि तो बरा होऊन परत आला याचा मला मनापासून आनंद झाला. त्याच वर्षी मला डेंग्यू झाला. मी अकरा दिवस अंथरुणात होते आणि त्या महिन्याच्या बिलात ते अकरा दिवस नव्हते. यात कोणी माझ्यावर अन्याय केला नाही. करारात जे लिहिले होते तेच झाले. पण प्लेटलेट्स चाळीस हजारांवर आल्या असताना मी बुडालेल्या दिवसांचा हिशेब मांडत होते, ते मी विसरलेले नाही.

घरकर्जाच्या वेळीही हेच आडवे आले. एका बँकेने फॉर्म 16, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा मालकाने द्यायचा दाखला, मागितला. तो मला देणार कोण? शेवटी तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि परकीय चलन जमा झाल्याचे बँकेचे दाखले यांवर दुसऱ्या ठिकाणी काम झाले. ज्यांना येत्या दोन वर्षांत घर घ्यायचे आहे त्यांनी म्हणूनच दुसरा मार्ग पाहावा. परदेशी कंपन्यांसाठी इथे कागदोपत्री मालक होणाऱ्या मध्यस्थ कंपन्या असतात. त्या पगारपत्रक देतात, पीएफ कापतात, टीडीएस भरतात आणि त्याचे शुल्क परदेशी कंपनीकडून घेतात. हातात थोडे कमी पडते, पण तुम्ही कोणाचे तरी कर्मचारी असता. भाच्याला मी हाच मार्ग सुचवला आहे. जो मध्यस्थ काम देण्याआधी तुमच्याचकडे नोंदणीचे पैसे मागतो त्याच्या वाटेला मात्र मुळीच जाऊ नका.

माझ्या करारात असे एक वाक्य आहे की वाद झाल्यास निवाडा तिकडच्या न्यायालयात होईल. सही करताना मी ते वाचले होते, पण त्याचा अर्थ 2021 मध्ये कळला, जेव्हा तिकडचे हिशेबनीस बदलले आणि माझी दोन महिन्यांची बिले अडकली. दोन महिन्यांच्या पैशांसाठी साताऱ्यातून तिकडे दावा लावायला कोण जाणार आहे? पैसे आले, दिलगिरीही आली. पण तेव्हापासून मी दर पंधरवड्याला बिल देते आणि पंधरा दिवसांत पैसे मिळावेत असे करारात घालून घेतले आहे, म्हणजे अडकलेच तर एका महिन्याचे अडकतील.

आता दराविषयी, कारण माझी खरी चूक तिथे झाली. पुण्यातला वार्षिक पगार घेऊन मी त्याला कामाच्या 261 दिवसांनी भागले आणि आलेल्या आकड्यात थोडी भर घालून दर सांगितला. त्या 261 मधून दहा दिवस गणपती-दिवाळीसारख्या सणांचे, वीस दिवस रजेचे, सहा दिवस आजारपणाचे आणि महिन्याला एक याप्रमाणे बारा दिवस बिले, कर व बँक यांचे वजा केले की 213 उरतात. बिल लावता येते ते एवढ्याच दिवसांचे. नुसत्या भागाकारात माझा दर अठरा टक्क्यांनी कमी पडला होता, शिवाय मालकाच्या वाट्याचा पीएफ, आरोग्यविमा, इन्व्हर्टर आणि इंटरनेटची दुसरी लाइन हे सगळे वेगळे. चौथ्या वर्षी मी हा हिशेब एका पानावर मांडला, दोनदा तपासला आणि कंपनीच्या मालकीणबाईंना पाठवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना जेवू घालत असताना उत्तर आले: दर मान्य आहे, आणि हा कागद तुम्ही आम्हाला पहिल्याच वर्षी का दाखवला नाहीत?