आमची वाटचाल : चांदीचे बेडूक

बेडकांचे वेड आधीचे. दागिने त्यातूनच आले. बाजारातला बेडूक बहुधा मुकुट घातलेला आणि चारही पायांना सारखीच बोटे असलेला. तो आम्हाला चालेना. पुढच्या पायाला चार बोटे, मागच्याला पाच, ही आमच्याकडे नमुना कोरणाऱ्यासाठी पहिली अट.

सगळ्यात जास्त मेहनत गेली ती आंबोलीकडे दिसणाऱ्या मलबार उडत्या बेडकावर. अंग हिरवेगार, बोटांमधले पडदे केशरी-लाल. दागिन्याला जीव येतो तो या पंजांमुळे आणि ओतकाम फसते तेही इथेच. आधी बेडूक मेणात घडवतो, मग त्याच्या साच्यात मेणाच्या जागी चांदी ओततो. मेणाचा पडदा ०.८ मिमीपेक्षा पातळ झाला की चांदी टोकापर्यंत पोचायच्या आत गोठते आणि बोट अर्धवट येते. ओतण्याची दांडी, म्हणजे जिच्या वाटेने चांदी साच्यात शिरते ती, नेहमी पोटाला जोडायची, पंजाला नाही. जाड भाग शेवटी गोठतो. तोवर त्याला चांदी मिळत राहिली नाही, तर पाठीवर बारीक छिद्रे पडतात.

वजनाचा अंदाज मेणावरूनच येतो: मेणाच्या साधारण साडेदहा पट चांदी लागते. अर्ध्या ग्रॅमचा मेणाचा बेडूक म्हणजे ५ ग्रॅमहून जास्त चांदी, आणि एवढे ओझे कानात दिवसभर कोण घालणार? म्हणून कुड्यांचा बेडूक पोटाकडून पोखरून, भिंत १ मिमी ठेवून, ३ ग्रॅमच्या आत बसवतो.

मीनाकारी, म्हणजे धातूवर काचेचा रंग भाजून बसवणे, पुढे आली. ९२५ चांदी (९२.५ टक्के चांदी, बाकी बहुतेक तांबे) ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते आणि मीना ७५०च्या पुढे भाजावा लागतो, त्यामुळे भट्टीपाशी दुसरे काम काढायचे नाही. पदकाची कडी आम्ही अंगासकट ओततो, म्हणजे भट्टीत सुटायला झाळच (वितळवून जोडलेला सांधा) नको. भाजण्याआधी नग तापवून सौम्य गंधकाम्लात उजळायचा, असे तीन-चारदा. वरच्या थरातले तांबे निघाले नाही, तर पारदर्शक मीन्याखाली राखाडी डाग दिसतात. हिरवा रंग चांदीवर सुरेख खुलतो. लाल मात्र थेट लावला तर तपकिरी पडतो. आधी बिनरंगी मीन्याचा थर, मग लाल. तरीही तो जरा केशरीकडे झुकतो, पण या बेडकाला ते शोभतेच.

कुड्यांना फिरकीची दांडी झाळलेली असते, म्हणून तिथे रेझिनचा रंग. बिलावर त्याला आम्ही मीना म्हणत नाही.

पावसाळ्यात हळदीसारखा पिवळा होणारा बुलफ्रॉगचा नर अलीकडचा. गळ्याच्या दोन्ही पिशव्या निळ्या मीन्याच्या, अंगाला सोन्याचा मुलामा. मुलामा भाजणीनंतरच द्यायचा. आधी दिला तर भट्टीत सोने चांदीत मुरते आणि पिवळेपणा जातो.

अंगठीची मागणी पुष्कळ आहे. पंजे कपड्यांत अडकू नयेत म्हणून ते कड्याला चिकटवून झाळतो, आणि अंगठी बिनरंगीच ठेवतो. हात कुठेतरी आदळतोच, आणि मीन्याचा टवका उडाला की तो भरायला पुन्हा सगळा नग भट्टीत घालावा लागतो.